निकॉन झेडएफ किनाऱ्यावर: रेट्रो डायल, खारी हवा आणि पकड यांचा हिशेब

वाट_वेंगुर्ल्याची

जुना एपीएस-सी (लहान सेन्सरचा) डीएसएलआर बदलायचा आहे. निकॉन झेडएफ हा जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या रूपाचा डिजिटल कॅमेरा मनात भरला आहे. दुसरा पर्याय फुजी एक्स-टी५. राहणं वेंगुर्ल्यात, त्यामुळे कॅमेरा बारा महिने खाऱ्या हवेतच असणार.

काढायचं ते असं: बंदरावर होड्या लागतात तेव्हाची सकाळ, रात्रीचा दशावतार, शिमग्यातल्या पालख्या, जांभ्याची जुनी घरं, पावसाळ्यातले सडे (जांभ्याची पठारं). पक्षी क्वचित. व्हिडिओ जवळपास नाहीच.

वरच्या डायल रोजच्या कामात खरंच उपयोगी पडतात की नुसत्या दिसायला? पुढून सपाट असलेली बॉडी घामट हातात टिकते का? दमट हवेत असा पितळी डायलवाला कॅमेरा किती जपावा लागतो? आणि त्यावर लेन्स कुठली? यूट्यूबवरचे सगळे रिव्ह्यू थंड, कोरड्या हवेतले आहेत. इथल्या हवेत वापरणाऱ्यांनी सांगावं.

---

खाडीपल्याड

आतल्या यंत्राची काळजी करू नका. झेडएफ सप्टेंबर २०२३ मध्ये आला. २४.५ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा) सेन्सर, झेड८ आणि झेड९ मधल्याच पिढीचा एक्सपीड ७ प्रोसेसर, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) ८ स्टॉपपर्यंत; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. जुन्या रूपाचा परिणाम फोटोच्या दर्जावर होत नाही, हाताळणीवर होतो. म्हणून तेवढंच तपासा.

डायलबद्दल. वर डावीकडे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता), तिच्याखाली ऑटो, पी, एस, ए, एम निवडायची कळ. उजवीकडे शटर आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची डायल). पण निकॉनच्या झेड लेन्सवर अ‍ॅपर्चरचे आकडे कोरलेली रिंग नसते. ते, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, पुढच्या कमांड डायलवरून बदलायचं आणि वरच्या इवल्याशा खिडकीत आकडा बघायचा. म्हणजे रेट्रोपणा इथे अर्धाच आहे. फुजीच्या बहुतेक एक्सएफ प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सवर खरी अ‍ॅपर्चर रिंग असते, त्यामुळे कॅमेरा बंद असतानाही तिन्ही आकडे डोळ्यांना दिसतात. डायलसाठीच कॅमेरा घेत असाल तर हा फरक मोठा आहे.

नवख्यांची फसगत ए मोडमध्ये होते (यात भोक आपण ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा). शटर डायल २५० वर असते, पण ए मोडमध्ये कॅमेरा ती जुमानत नाही. स्वतः १/६० निवडतो आणि जाळं ओढणाऱ्यांचे हात हलके पुसट येतात. डायलवरचा आकडा खरा आहे की नाही ते मोडवर ठरतं, एवढं कायम लक्षात ठेवायचं.

बंदरासाठी ही मांडणी करा. मोड एम, म्हणजे शटर आणि भोक दोन्ही आपण ठरवायचं. शटर डायल ५०० वर, माणसं चालती असतील तर १००० वर. अ‍ॅपर्चर पुढच्या डायलने एफ/४ ते एफ/५.६. आयएसओ डायल सी वर (म्हणजे आकडा या डायलवरून न धरता कॅमेऱ्याच्या सेटिंगवर सोडायचा), मेनूत ऑटो आयएसओ चालू आणि कमाल मर्यादा १२८००. मग उजेड कमीजास्त करायला फक्त कॉम्पेन्सेशनची डायल उरते आणि ती अंगठ्याखालीच आहे. आयएसओ डायल सी ऐवजी ८०० वर राहिली आणि ऑटो आयएसओ चालू असलं, तर ८०० हा खालचा तळ धरला जातो. ऊन चढल्यावर फोटो जळायला लागतात आणि कारण चटकन सापडत नाही.

ज्यांना डायल नकोशा होतात त्यांनी शटर डायल १/३ स्टेपवर आणि बाकी दोन्ही सी वर ठेवाव्यात. मग हा चारचौघांसारखा, दोन कमांड डायलवाला कॅमेरा होतो. शटर आणि आयएसओ डायलच्या मधोमध लॉकचं बटण आहे. कॉम्पेन्सेशनला ते नाही, आणि पिशवीतून काढताना नेमकी तीच फिरते. डोळा लावला की पहिली नजर व्ह्यूफाइंडरमधल्या प्लस-मायनसच्या खुणेवर गेली पाहिजे.

खरा तोटा वेगळाच आहे. निकॉनच्या इतर काही बॉडींवर यू१, यू२, यू३ अशा सेटिंग जपून ठेवायच्या जागा असतात, त्या झेडएफवर नाहीत. सकाळचं बंदर आणि रात्रीचा दशावतार यांत मीटरिंग (उजेड मोजायची रीत), शटरचा प्रकार, फोकसची चौकट, सगळंच बदलतं. हे सगळं आय मेनूत आणि माय मेनूत (आपल्या निवडीच्या छोट्या याद्यांत) आधीच जवळजवळ लावून घ्या, म्हणजे शोधाशोध होत नाही.

पकड: कार्ड-बॅटरीसकट बॉडी ७१० ग्रॅम, पुढे जवळपास सपाट. ४० मिमी एफ/२ एसई लावलीत तर एकूण साधारण ८८० ग्रॅम, तेवढं बोटांना जड होत नाही. २४-१२० एफ/४ लावली की १३४० ग्रॅम, आणि मग वजन मनगटावर येतं. घामाने आवरण गुळगुळीत होतं. पायापासून पुढे वळणारी, स्क्रूने बसणारी ग्रिप मिळते, ती घ्याच. घेताना दोन गोष्टी बघा: बॅटरीचं दार ग्रिप न काढता उघडतंय का, आणि तळाला ट्रायपॉडच्या आर्का क्लॅम्पची खाच आहे का.

---

सुरंगी

खाऱ्या हवेचं मी सांगते. तुमचा बाकी निर्णय चुकला तरी कॅमेरा विकता येतो. मीठ शिरलेला कॅमेरा कोणी घेत नाही.

मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण विरघळून त्याचं पाणी होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे डायलच्या फटीत बसलेलं मीठ कोरड्या हवेतल्यासारखं सुकून पडून राहत नाही, ओलं राहून धातू खात बसतं. झेडएफच्या डायल पितळेच्या आहेत. वरचा रंग शाबूत आहे तोवर काही होत नाही. कडेचा रंग उडाला की ताक पितळेच्या भांड्यात जसं कळकतं तशी हिरवट झाक धरते. पुष्कळांना ते जुनं रूप आवडतं. पण फ्लॅश बसतो त्या हॉट शूच्या आणि लेन्सच्या संपर्कबिंदूंवर तेच झालं तर लेन्स मध्येच ओळखली जात नाही. हॉट शूचं प्लॅस्टिक झाकण कधी काढून ठेवू नका.

किनाऱ्यावरून आल्यावर पुसायची रीत. आधी हाताच्या पंपाने वाळू उडवा, तोंडाने फुंकू नका. मग मऊ सुती कापड साध्या गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि बॉडी पुसा. कोरड्या कापडाने मीठ निघत नाही, नुसतं पसरतं. डायलच्या कडांना पिळलेल्या कापडाचं टोक फिरवा, मग कोरडं कापड. पुढे अर्धा तास पंख्याखाली, सगळी दारं बंद ठेवून. स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं द्रव वगैरे आवरणाला लावू नका, आवरण चिकटवलेलं असतं आणि कड सुटते. गुलालाचं उलट. पालखीनंतर ओलं कापड आधी लावलंत तर गुलालाचा लगदा होऊन डायलखाली बसतो. आधी पंप, मग मऊ कोरडा ब्रश, आणि ओलं कापड सगळ्यात शेवटी.

रेट्रो कॅमेऱ्याबरोबर लोक हौसेने चामड्याची अर्धी केस आणि चामड्याचा पट्टा घेतात. कोकणात जुलैत चामड्याला बुरशी येते हे चपला-पाकिटांवरून सगळ्यांना माहीत आहे. केस कॅमेऱ्याला लावून कपाटात ठेवली की तळाची ओल तिथेच कोंडते आणि बुरशीला घर मिळतं. पावसाळ्यात केस काढूनच ठेवा, पट्टा नायलॉनचा वापरा.

एसीचा मुद्दा. बाहेर ३१ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली ओल पाणी होऊन बसते) २८ च्या आसपास येतो. एसी खोलीतून २३ अंशाचा कॅमेरा बाहेर काढलात की त्याच्यावर, आणि झाकण उघडलं तर सेन्सरवरसुद्धा, पाणी धरणार. निघण्याआधी खोलीतच झिपवाल्या पिशवीत बंद करा, बाहेर नेऊन पाऊण तास तसाच राहू द्या, मगच उघडा. लेन्सवर धुकं धरलं तर पुसत बसू नका, आपोआप उडेल.

---

वाट_वेंगुर्ल्याची

सुरंगीताई, दवबिंदूचा हिशेब फार उपयोगी. झेडएफ "धूळ आणि पाणी-तुषाररोधक" म्हणतात, ते पावसात कितपत धरायचं?

---

सुरंगी

रिमझिमीपुरतं. त्याला आयपी मानांकन (धूळ-पाणी किती रोखतो याचं प्रमाणित मोजमाप) नाही, आणि सील तेव्हाच काम करतात जेव्हा सगळी दारं नीट बंद असतात आणि लेन्सचा माउंटही सीलबंद असतो. एसई जोडीतल्या २८ आणि ४० मिमी लेन्सचे माउंट प्लॅस्टिकचे आहेत. दुकानात लेन्स उलटी करून माउंटभोवती रबरी कडं दिसतंय का ते बघा. नसेल तर ती लेन्स लावून पावसात जाऊ नका. आपला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, म्हणून प्लॅस्टिकचं आवरण हवंच. पाणी शिरल्याची दुरुस्ती वॉरंटीत धरली जात नाही, तेव्हा समुद्रकाठच्या माणसाने पाण्याचं नुकसान धरणारा विमा वेगळा बघावा.

---

रातराजा

दशावताराचं मी सांगतो. तिथे झेडएफची बाजू खरोखर भक्कम आहे, पण चुकीच्या सेटिंगवर तोच कॅमेरा वाया जातो.

पहिलं, सायलेंट मोड बंद. देवळात आवाज नको म्हणून लोक तो लावतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, आणि झेडएफचा सेन्सर स्टॅक्ड (झटकन वाचला जाणारा) नसल्याने तो वरून खालपर्यंत सावकाश वाचला जातो. मंडपातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. फोटोवर आडवे काळे पट्टे येतात आणि ते नंतर काढता येत नाहीत. मेकॅनिकल शटर ठेवा, फोटो फ्लिकर रिडक्शन चालू करा, शटर १/१०० किंवा १/५०. लढाईच्या प्रसंगात १/२०० पर्यंत चढा, आणि पट्टे नाहीत ना ते पहिल्या दोन-चार फोटोंत मोठं करून बघा.

दुसरं, मीटरिंग. पात्रांच्या चेहऱ्यावर पांढरा सफेदा, अंगावर जरी, मागे काळोख. साधं मॅट्रिक्स मीटरिंग काळोख धरून चेहरा जाळतं. हायलाइट-वेटेड मीटरिंग लावा. चेहरा राखला जातो, आणि रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) फाइलमधून सावल्या दोन स्टॉप उचलायला फुल-फ्रेम सेन्सरला जड जात नाही. एफ/२ वर आयएसओ ३२०० ते ६४०० लागतं. तेवढा दाणा छापील फोटोत सहज चालतो.

तिसरं, फोकस. पात्रांचे चेहरे कॅमेरा झटकन ओळखतो, मुकुट असला तरी. संकासूर मात्र ओळखत नाही. काळी कफनी, काळा मुखवटा, यंत्राला चेहऱ्याच्या खुणाच मिळत नाहीत, आणि चौकट मागच्या पेटीवाल्यावर जाऊन बसते. त्याच्यासाठी विषय-ओळख बंद करून सिंगल पॉइंट घ्या आणि मुखवट्यावरच्या रंगीत भागाची कड धरा. झेडएफला जॉयस्टिक नाही. मागच्या चौफुली बटणाने चौकट सरकवायला वेळ लागतो, त्यामुळे डोळा व्ह्यूफाइंडरला असताना अंगठ्याने टचस्क्रीनवर चौकट हलवायची सोय चालू करून घ्या. बोटांना घाम असेल तर तीही दगा देते, तेव्हा रुमाल जवळ.

आता ती काळी-पांढरी कळ. शटर डायलच्या खाली फोटो आणि व्हिडिओच्या मध्ये कृष्णधवलची जागा आहे. मला ही या कॅमेऱ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये थेट कृष्णधवल दिसतं आणि रंगाच्या मोहातून सुटून छटा बघता येतात. जांभ्याच्या घरांसाठी मोनोक्रोममध्ये लाल फिल्टर निवडा. लाल दगड उजळतो, आकाश काळवंडतं, भोकाभोकांची पोत वर येते. हिरवा फिल्टर लावलात तर तोच जांभा कोळशासारखा येतो आणि शेवाळ उजळतं, पावसाळ्यात हेही बघण्यासारखं. मात्र फाइल रॉ अधिक जेपेग ठेवा. नुसत्या जेपेगवर असाल आणि कळ चुकून तिथे राहिली, तर पालखीचा सगळा गुलाल राखाडी होतो आणि रंग परत मिळत नाही.

वेळास, आंजर्ले किंवा गुहागरला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना जाणार असाल तर फ्लॅश अर्थातच नाही, आणि मेनूतला फोकसचा मदत-दिवाही बंद करा. तो पुढून पेटतो आणि पिल्लं उजेडाकडे वळतात. कॅमेरा अंधुक उजेडात दिव्याशिवाय फोकस धरतो, एफ/२ च्या आसपासची लेन्स असली म्हणजे झालं.

---

जांभा_आणि_चिरा

एक्स-टी५ ची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

बॅटरी-कार्डासकट ५५७ ग्रॅम, म्हणजे झेडएफपेक्षा दीडशे ग्रॅम हलका. ४० मेगापिक्सेल. बॅटरी एका चार्जवर साधारण ५८० फोटो, झेडएफची ३८० च्या आसपास. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते तिथे हा फरक जाणवतो. झेडएफ घेतलात तर ईएन-ईएल१५सी बॅटरी दोन ठेवा. ती यूएसबी-सी मधून पॉवर बँकेवर कॅमेऱ्यातच चार्ज होते. मागे "बी" किंवा "सी" नसलेली जुनी ईएन-ईएल१५ कॅमेऱ्यात चालते पण आत चार्ज होत नाही, तिला वेगळा चार्जर लागतो.

कार्डांचा फरक तर किनाऱ्यावर फार मोठा. एक्स-टी५ मध्ये दोन्ही कार्डं पूर्ण आकाराची, वेगवान यूएचएस-२, बाजूच्या दारात. झेडएफमध्ये एक एसडी आणि एक मायक्रोएसडी, दोन्ही तळाशी बॅटरीच्या दारात. नखाएवढं कार्ड वाळूत पडलं की गेलं. शिवाय मायक्रोएसडीची जागा यूएचएस-१ ची, म्हणजे संथ. दोन्हीकडे रॉ लिहायला लावलंत तर लागोपाठ फोटो काढताना कॅमेरा धाकट्या कार्डासाठी थांबतो. उपाय: एसडीवर रॉ, मायक्रोएसडीवर जेपेग, आणि मायक्रोएसडी कधी बाहेर काढायचंच नाही, फोटो यूएसबीने उतरवायचे. बाहेर फक्त एसडी बदलायचं, तेही वाऱ्याकडे पाठ करून.

एक्स-टी५ कुठे मागे पडतो? रात्री. लहान सेन्सरमुळे सव्वा स्टॉपच्या आसपास तोटा आहे, आणि हलत्या माणसामागे फोकस लावून धरण्यात झेडएफ जास्त भरवशाचा. दशावतार तुमच्या यादीत खरोखर वर असेल तर झेडएफ. दिवसा, पायी, हलकं फिरायचं असेल तर एक्स-टी५, आणि लेन्स घेताना नावात डब्ल्यूआर (वेदर रेझिस्टंट, म्हणजे सीलबंद) बघा. २३ किंवा ३५ एफ/२ डब्ल्यूआर या छोट्या लेन्स त्याला शोभतात. ३५ एफ/१.४ गोड आहे, पण तिला सील नाही.

पावसातच जास्त राहणार असाल तर ओएम सिस्टीम ओएम-३ बघा. तोही जुन्या वळणाचा, पण आयपी५३ मानांकन आहे. सेन्सर फुल-फ्रेमच्या चौथाई क्षेत्राचा, हे मात्र रात्री जाणवणार. कमी पैशात निकॉनचाच लहान सेन्सरचा झेड एफसी दिसतो तसाच छान, पण बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि सीलचा दावाही नाही. वेंगुर्ल्यासाठी मी तो सुचवणार नाही.

झेडएफला लेन्स: ४० एफ/२ एसई रात्रीसाठी आणि २४-२०० बंदरासाठी. २४-२०० फक्त ५७० ग्रॅम, त्यामुळे सपाट बॉडीवर २४-१२० पेक्षा बरी बसते. दोन्हींवर साधा क्लिअर फिल्टर लावा, ५२ आणि ६७ मिमी. समुद्राच्या तुषारांनी काच दिवसातून अनेकदा पुसावी लागते, तेव्हा पुसून झिजायची ती फिल्टरची काच झिजू दे.

---

वाट_वेंगुर्ल्याची

सगळ्यांचे मनापासून आभार. झेडएफ, ४० एसई आणि ग्रिप असं ठरवतोय, २४-२०० पुढे. ठेवायला इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट आत्ता परवडणार नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेलवर भागेल का? किती घालायचं?

---

सुरंगी

भागेल. दहा-पंधरा लिटरचा, झाकणाला रबर असलेला डबा घ्या. त्यात २०० ते २५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल, सुती पिशवीत भरून, कॅमेऱ्याला टेकणार नाही असं. आत डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, काही शे रुपयांत मिळतो. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६० च्या वर राहू लागला की बुरशीला वाव. फार कोरडंही नको, ३० च्या खाली रबर आणि वंगण सुकतं.

नारिंगी दाणे हिरवे झाले की ओल भरली. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास ठेवले की पुन्हा नारिंगी होतात. गार होताना उघडे ठेवू नका, परत ओल ओढतात. झाकणाच्या बरणीत गार करा. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, आणि ते घरात तापवणं बरं नाही.

डबा दिवसातून अनेकदा उघडलात तर पावसाळ्यात जेल आठवड्यातच भरतं, म्हणून रोजची बॉडी एका डब्यात आणि क्वचितच्या लेन्स दुसऱ्यात. बाहेरून आल्या आल्या कॅमेरा डब्यात टाकायचा नाही. आधी पुसणं, पंखा, मग डबा. आणि पंधरा दिवसांतून एकदा लेन्स उघड्या अ‍ॅपर्चरवर धरून मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती लेन्स लगेच वेगळी काढा आणि साफ करायला पाठवा, दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवू नका.